‘प्लॅब द्यायची गरज नाही’: माझे 4 लाख 85 हजार कसे गेले

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. एमबीबीएस आणि इंटर्नशिप आटोपून 2024 मध्ये नीट पीजीची, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा मी सेंटर गाठण्यासाठी हुबळीत लॉजवर उतरले होते. 11 ऑगस्टला परीक्षा झाली, पण त्या रँकवर एमडी मेडिसिन मिळण्यासारखं नव्हतं. मॅनेजमेंट कोट्याच्या फीचा आकडा मी बाबांना सांगितलाच नाही. भात आणि थोड्या काजूवर आमचं घर चालतं.

त्याच दिवसांत ओळखीतल्या एकांनी बेळगावातल्या एका कन्सल्टन्सीचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

ऑफिसात गेल्यावर त्या माणसाने पहिला प्रश्न बाबांना केला, ‘‘खानापुरात कुठल्या गावचे तुम्ही?’’ मग गावातल्या दोघातिघांची ओळख निघाली, चहा आला. आमच्याकडे कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. बाबा तिथे कायम कुणाला तरी सोबत घेऊन जातात. इथे मात्र समोरचा माणूस खुर्ची देऊन त्यांच्याशी मराठीत बोलत होता. जिना उतरताना बाबा म्हणाले, ‘‘आपल्यापैकीच आहे की. हा कशाला बुडवेल?’’ मलाही तसंच वाटलं. करारपत्र सगळं इंग्रजीत होतं. त्यावर बाबांनी सही केली ती या विश्वासावर.

तो धडधडीत खोटं बोलला असता तर मी तिथेच उठले असते. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायला जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे जीएमसीची नोंदणी लागते आणि त्यासाठी परदेशात शिकलेले बहुतेक जण प्लॅब ही दोन भागांची परीक्षा देतात, एवढं मला माहीत होतं. पहिला भाग भारतातही देता येतो, दुसरा मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. तो म्हणाला, ‘‘स्पॉन्सरशिप असली की प्लॅब लागत नाही.’’ मी घरी येऊन शोधलं तर ते खरंच निघालं! मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची योजना आहे, तिच्यातून जाणाऱ्या डॉक्टरांना रॉयल कॉलेजची स्पॉन्सरशिप मिळते आणि प्लॅब द्यावी लागत नाही. पण ती योजना पुढचं शिक्षण आणि अनुभव गाठीशी असलेल्या डॉक्टरांसाठी आहे, आणि जास्तीत जास्त 24 महिन्यांची. नुसत्या एमबीबीएसवाल्याला तिथे प्रवेश नाही. हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. मला हवं ते वाक्य सापडल्यावर मी पुढे वाचलंच नाही.

फाइल उघडायला 25,000 गेले. महिन्याभराने ‘हॉस्पिटल प्रोसेसिंग’चे 1,60,000. मग एका मोठ्या इंग्लिश हॉस्पिटलचा लोगो असलेलं ऑफर लेटर ईमेलवर आलं, आणि त्याच्या मागोमाग फोन: व्हिसासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे 3,00,000 आठवड्यात भरा, दोनच जागा उरल्यात. आईच्या पाटल्या बँकेत तारण ठेवल्या, उरलेले सोसायटीतून उचलले. रक्कम कंपनीच्या खात्यावर गेली नाही, एका व्यक्तीच्या खात्यावर गेली. जीएसटीची पावती मागितली तर ‘‘शेवटी एकदम देतो’’ म्हणाला.

यातलं एकेक कलम आता मला पाठ झालंय. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा छापील कागद नसतो. नोकरी देणारं हॉस्पिटल ते ऑनलाइन देतं, आपल्या हाती फक्त एक क्रमांक येतो आणि त्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा असतो. मला आला तो शिक्का मारलेला रंगीत कागद होता. नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनमध्ये एजन्सीला 1973 च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडेही 1983 च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला नोंदणी लागते, आणि त्याने घ्यायची सेवाफी 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढीच ठरलेली आहे. सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी कुणालाही बघता येते. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘आम्ही एजंट नाही, एज्युकेशन कन्सल्टंट.’’ नोकरीचं पत्र हातात देणारा माणूस शिक्षणाचा सल्लागार कसा, हे तिथल्या तिथे माझ्या तोंडून निघायला हवं होतं.

व्हिडिओ कॉलवर एक ‘डॉक्टर’ही भेटवला, लीड्समध्ये 14 वर्षं काम करतो म्हणणारा. जीएमसीचं रजिस्टर सगळ्यांसाठी खुलं आहे, नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं. मी ते टाकलं पैसे गेल्यानंतर. त्या नावाचं कुणी नव्हतं.

संशय आला तो पगारावरून. पत्रात वर्षाला 62,000 पौंड लिहिले होते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये फाउंडेशनच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाचा मूळ पगार 42,008 पौंड होता, आणि मी त्याहूनही नवखी. मग पत्रावरचा ईमेल बाजूला ठेवून हॉस्पिटलच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं: अशी जागा नाही, सही करणारी व्यक्तीही आमच्याकडे नाही.

पण पैशांपेक्षा जास्त जीव काढला तो कागदांनी. ‘‘एम्बसीला दाखवायला लागतात’’ म्हणून त्याने माझी एमबीबीएसची पदवी, मार्कलिस्ट आणि कर्नाटक मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं सर्टिफिकेट, सगळं मूळ ठेवून घेतलं होतं. खरं तर पदवीची पडताळणी एपिक या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. आपण स्कॅन चढवायचा, ते थेट विद्यापीठाला विचारून घेतात. मूळ प्रत कन्सल्टंटच्या कपाटात राहावी असा एकही टप्पा नाही. मी परत मागायला गेले तर म्हणाला, रद्द करण्याचे 1,20,000 भरा आणि घेऊन जा. पदवी हातात नसल्यामुळे गावाजवळच्या दवाखान्यातली ड्युटी डॉक्टरची नोकरीही हुकली. पाच महिने मी रोज सकाळी तयार होऊन नुसती घरात बसत होते. आई काही विचारायची नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण बराच उशिरा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर तीन खात्यांतून निघून गेले होते. पोलिसांत कन्नडमधून तक्रार दिली, सोबत बँकेचं स्टेटमेंट, हॉस्पिटलचं उत्तर आणि चॅटचे सगळे प्रिंट. तुम्ही अशा कुणाशी बोलत असाल तर चॅट पुसू नका, फोनवर ठरलेलंही मेसेजवर लिहून मागा. पोलिसांनी बोलावल्यावर आठवड्यात कागद परत आले, पदवीला मधोमध घडी पडलेली. पैशांबद्दल तो म्हणतो की ‘सेवा दिली आहे’, आणि बाबांनी सही केलेल्या करारात तसं वाक्यही आहे.

ओईटी या डॉक्टर-नर्सेसच्या इंग्रजीच्या परीक्षेत मला चारही भागांत बी मिळालाय, पण जीएमसी तो निकाल दोनच वर्षं धरते आणि त्यातलं एक वर्ष यात गेलं. आता प्लॅबच्या पहिल्या भागाचा अर्ज मी स्वतः, जीएमसीच्या साइटवरून, भरला आहे. पाटल्या अजून बँकेतच आहेत.