शॅडसीएन यूआय: आठ महिन्यांनंतर, वेलांट्यांसकट

गेले आठ महिने एका पतसंस्थेच्या अंतर्गत कामकाजाचं वेब ॲप मी शॅडसीएन यूआय वापरून बनवतोय. म्हणजे बटण, डायलॉग, यादी असे पडद्यावरचे तयार तुकडे (कंपोनेंट) देणारा संच. सोबत रिॲक्ट, टेलविंड (छोट्या तयार क्लासांनी रंगरूप ठरवायची सोय), टाइपस्क्रिप्ट, वेब ॲपचा नेहमीचाच संसार. संस्थेची अट एकच: पडद्यावरचं सगळं मराठीत हवं.

हिला लायब्ररी म्हणावं का, इथूनच वाद आहे. बाकीच्यांसारखं एक मोठं पॅकेज इन्स्टॉल करायचं नसतं. टर्मिनलमध्ये कमांड दिली की बटण, डायलॉग, जे मागाल त्याची फाइल थेट तुमच्या फोल्डरमध्ये येऊन पडते. तिथून पुढे तो कोड तुमचा. लायसन्स एमआयटी, त्यामुळे पैसे घेऊन केलेल्या कामातही बिनधास्त वापरता येतो. आत बहुतेक ठिकाणी रॅडिक्स या दुसऱ्या लायब्ररीचे बिनरंगाचे सांगाडे (वागणं असलेले, रूप नसलेले), वरून टेलविंडचे क्लास.

कोड ‘तुमचा’ म्हणजे काय, ते मला दुसऱ्या महिन्यात कळलं. डेमोच्या वेळी हिशेब बघणाऱ्या ताई म्हणाल्या, “दादा, ‘ठेवींची यादी’तल्या वेलांट्या कापल्या गेल्यात.” बघतो तर खरंच. कार्डच्या, म्हणजे मजकुराच्या चौकटीच्या, शीर्षकाला ‘लीडिंग-नन’ हा टेलविंडचा क्लास असतो, म्हणजे ओळीची उंची फॉन्टच्या आकाराइतकीच. रोमन लिपीचं त्यात भागतं. आपल्याकडे शिरोरेखेवर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. त्यात शीर्षक एका ओळीत राहावं म्हणून मी ‘ट्रंकेट’ लावलेलं, त्यामुळे ओळीबाहेरचं सगळं छाटलं गेलं. जिथे ट्रंकेट नव्हतं आणि शीर्षक दोन ओळींवर गेलं, तिथे वरचा उकार खालच्या रफारात घुसला.

कार्ड, डायलॉग आणि लेबल अशा तीन फाइली उघडल्या, क्लास बदलला, पाच मिनिटांत काम संपलं. याआधीच्या एका प्रोजेक्टमध्ये, दुसऱ्या लायब्ररीत, अशाच दुरुस्तीसाठी थीम ओव्हरराइड करत आणि जागोजागी ‘इम्पॉर्टंट’ (लायब्ररीच्या नियमावर आपला नियम लादणारा शब्द) ठोकत दोन दिवस घालवले होते.

कीबोर्डचं श्रेय रॅडिक्सला. डायलॉग उघडला की टॅब आतल्या आत फिरतो, एस्केपने डायलॉग बंद होतो आणि फोकस मूळ बटणावर परत येतो. काउंटरवरची माणसं माउसला हात लावत नाहीत, त्यामुळे हे फार उपयोगी पडलं. डायलॉगला शीर्षक दिलं नाही तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, ओरडा होतो. आधी कटकट वाटली, पण स्क्रीन रीडरसाठी ते लागतंच.

सिलेक्टने, म्हणजे पर्यायांच्या उघडणाऱ्या यादीने, मात्र रडवलं. ‘सर्व शाखा’ या पर्यायाला मी रिकामी व्हॅल्यू दिली आणि अख्खं पान कोसळलं. रॅडिक्सला आयटमची व्हॅल्यू रिकामी चालत नाही. एकाहून जास्त पर्याय निवडायची सोयही त्यात नाही, ती ‘पॉपओव्हर’ (तरंगती चौकट) आणि ‘कमांड’ (शोधता येणारी यादी) हे दोन कंपोनेंट जोडून स्वतः उभी करावी लागली. डेटा टेबलचंही तसंच: तयार टेबल मिळत नाही, टॅनस्टॅक टेबल ही वेगळी लायब्ररी घेऊन कसं बांधायचं ते सांगितलेलं असतं. कॅलेंडर आतून रिॲक्ट डे पिकर ही लायब्ररी आहे. त्याच्या फॉरमॅटर्समध्ये ब्राउझरचंच ‘इंटल’ (भाषेनुसार तारखा-आकडे लिहिणारी सोय) वापरून ‘एमआर-आयएन’ हा मराठीचा संकेत दिला की महिने, वार आणि आकडेसुद्धा मराठीत.

आता दुखणं. कोड तुमचा म्हणजे दुरुस्त्याही तुमच्याच. पॅकेजेस अपडेट केली तर रॅडिक्स बदलतं, तुमच्या फोल्डरमधल्या फाइली जागच्या जागी. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेलं टोस्ट (कोपऱ्यात क्षणभर दिसणारी सूचना) आता बाद झालंय, त्याच्या जागी सोनर हा कंपोनेंट आलाय. ते बदलण्यात अर्धा दिवस गेला. एकदा नवीन कंपोनेंट आणताना टर्मिनलमधल्या कमांडने विचारलं, आधीच्या फाइलीवर लिहू का? घाईत ‘हो’ दाबलं आणि माझे बदल साफ. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट होतं म्हणून वाचलो. आता ती कमांड वेगळ्या ब्रँचवरच (गिटमधल्या वेगळ्या प्रतीवर) चालवतो आणि फरक ओळीन्‌ओळ वाचतो.

टेलविंड येत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. दहा-बारा जणांच्या टीममध्ये प्रत्येकजण बटणाची फाइल आपल्या मनाने बदलत असेल, तरीही नको.

ताईंची एक तक्रार अजून उघडी आहे: रकमेच्या चौकटीत मराठी आकडे उमटत नाहीत. हा शॅडसीएनचा दोष नाही, ‘नंबर’ प्रकारच्या इनपुटला सहसा ब्राउझरच ते घेऊ देत नाही. साधं टेक्स्ट इनपुट ठेवून आकडे आपणच बदलून घ्यावे लागतील. इनपुटची फाइल उघडून ठेवलीय.