पाच प्रिंटर, एक सर्व्हर: झेरॉक्सच्या दुकानात आठ महिने वापरलेलं कप्स

इंदूरला भंवरकुआवर आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आजूबाजूला एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) कोचिंगं, त्यामुळे रविवारच्या टेस्टच्या आदल्या रात्री हजारो पानं काढावी लागतात. तीन एकसारखे काळे-पांढरे लेझर, एक कलर इंकजेट आणि एक ए-थ्री मशीन. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरवर पाचही प्रिंटर वेगवेगळे बसवलेले होते. कोणाचं काम कुठे अडलंय ते शोधण्यातच रात्र जायची. आठ महिन्यांपूर्वी एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली, कप्स हा प्रिंटर आणि त्यांची कामं सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळे प्रिंटर तिथूनच शेअर केले.

कप्स घ्यावं ते क्लाससाठी. क्लास म्हणजे प्रिंटरांचा गट. आमच्या भागात क्लास म्हटलं की कोचिंगच आठवतं, म्हणून दुकानात आम्ही गटच म्हणतो. एलपीअ‍ॅडमिन कमांडनं तिन्ही लेझर एका गटात घातले. आता काऊंटरवरून काम गटाला जातं आणि जो मोकळा असेल तो ते उचलतो. एखादा बंद असल्यामुळे संपर्कच झाला नाही, तर काम पुढच्याकडे जातं. मात्र निम्मी पानं निघाल्यावर कागद अडकला तर काम आपोआप हलत नाही, आणि एलपीमूव्ह कमांडनं हलवलं की पहिल्या पानापासून पुन्हा छापतं. म्हणून तीनशे प्रतींचं एक काम न देता आम्ही पन्नास-पन्नासची सहा देतो. तिन्ही मशीनं सारखी राबतात आणि अडकलंच तरी नुकसान थोडं.

पहिले दोन महिने एरर पॉलिसीनं, म्हणजे काम फसल्यावर काय करायचं त्या सेटिंगनं, फार छळलं. आमच्याकडे ते होतं ‘स्टॉप प्रिंटर’. काम फसलं की सर्व्हर त्या प्रिंटरच्या कामांची रांगच थांबवतो आणि कोणी हातानं सुरू करेपर्यंत ती तशीच राहते. प्रिंटर कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग नाही, कारण थांबलेली असते सर्व्हरवरची रांग. काऊंटरवरच्या मुलाचा “भैया, अटक गया” असा फोन आला की मी रामबागेतून गाडी काढून निघायचो. आता ‘रिट्राय जॉब’ ठेवलंय. त्यात दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होतो. पण मूळ मर्यादा ५ वेळांची आहे, त्यानंतर काम रद्दच होतं. कागदाचं नवं बंडल आणायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा ती मर्यादा वाढवून घ्या. शिवाय त्या मुलाला आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या बहिणीला एलपीअ‍ॅडमिन ग्रुपमध्ये, म्हणजे कप्स हाताळायची परवानगी असलेल्यांत, घातलं. ब्राउझरमध्ये कप्सचं ६३१ पोर्टवरचं पान उघडून दोघंही रांग सुरू करतात.

पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर प्रिंटरांना नवे आयपी पत्ते द्यायचा आणि सर्व्हरला एकही प्रिंटर सापडायचा नाही. प्रत्येकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला, तेव्हापासून ती कटकट मिटली.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एक सेटिंग आजच तपासावं. छापून झालेल्या कामाची फाइल कप्स लगेच पुसत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ती ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, सर्व्हरच्या डिस्कवर राहते. टेस्टचा पेपर परीक्षेआधी दिवसभर आपल्याकडे पडून असणं मला अजिबात पटलं नाही. सर्व्हर प्रशासकाच्याच हाती असला तरी विश्वास आपल्यावर टाकलेला असतो. ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ला ‘नो’ केलं. त्यामुळे तेच काम सर्व्हरवरून पुन्हा छापण्याची सोय गेली, पण पेपर ज्याचा आहे त्याच्याकडून फाइल परत मागवायला मला काहीच वाटत नाही.

कप्स-ब्राउझ्ड हा जोडप्रोग्रॅम मात्र सरळ काढून टाका. नेटवर्कवरचे प्रिंटर तो आपोआप शोधून देतो खरा. आमच्याकडे त्यानं एकाच मशीनच्या दोन-दोन रांगा उभ्या केल्या होत्या. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यातली गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. पाच प्रिंटर हातानं जोडायला असा कितीसा वेळ लागतो?

पानांच्या नोंदीवर पूर्ण भरवसा नाही. पेज लॉगचा नमुना स्वतः लिहून तो सुरू करावा लागतो, आणि अनेक प्रती काढल्या की आमच्याकडे आकडा मशीनच्या मीटरशी जुळत नाही. हिशोब मी मीटरवरूनच करतो.

आता प्रश्न ए-थ्री मशीनचा. ते पीपीडी फाइलच्या (प्रिंटरच्या सोयींचं वर्णन असलेल्या जुन्या पद्धतीच्या फाइलच्या) ड्रायव्हरवर चालतं, आणि कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीत पीपीडीचा आधार काढून टाकायचं ठरलेलं आहे. तिन्ही लेझर आयपीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून छापायच्या प्रमाण पद्धतीवर, ड्रायव्हरशिवाय चालतात. कागद संपला, टोनर कमी झाला, हेही सर्व्हरवर दिसतं. ए-थ्री बदलायची वेळ येईल तेव्हा दुकानदाराला वेगाच्या आधी एअरप्रिंटबद्दल, म्हणजे ड्रायव्हरशिवाय छापायच्या सोयीबद्दल, विचारणार आहे. तोवर डेबियनची आवृत्ती बदलणार नाही.