धुक्यात टॅक्सी करताना फोरफ्लाइट: कुठे कामाचं, कुठे फसवं

फोरफ्लाइट हे वैमानिकांचं आयपॅड-आयफोनवरचं अ‍ॅप बहुतेक जण हवामान आणि उड्डाणाच्या नियोजनासाठी घेतात. पण अमेरिकेत वैमानिक प्रशिक्षणाला गेलेल्या आपल्या मुलामुलींना त्याची खरी गरज भासते ती जमिनीवर विमान चालवताना, म्हणजे टॅक्सी करताना, अनोळखी विमानतळावर, पहाटेच्या धुक्यात. हे परीक्षण तेवढ्याच कामापुरतं आहे.

विमानतळाच्या आराखड्यावर आपलं विमान कुठे आहे हे अ‍ॅप जीपीएसच्या आधारे दाखवतं. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात सेसना सायटेशन या एका लहान जेटला आर ५ टॅक्सीवेने (विमानांच्या जमिनीवरच्या रस्त्याने) जायचं होतं. ते आर ६ वर गेलं आणि धावपट्टीवर वेगात असलेल्या एसएएस कंपनीच्या एमडी-८७ प्रवासी विमानाच्या वाटेत आलं. ११८ माणसं गेली. वैमानिकाने वाटेत ‘एस ४’ ही खूण आल्याचं कळवलं होतं, पण ती कंट्रोलरच्या नकाशात नव्हती आणि ग्राउंड रडार बंद होतं. असं चुकीचं वळण या अ‍ॅपवर काही सेकंदांत लक्षात येतं. इथे त्याला पैकीच्या पैकी.

मात्र आधी आयपॅड नीट निवडा. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. सेल्युलर मॉडेल किंवा सेंट्रीसारखा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर लागतो. आयपॅडच्या सेटिंगमध्ये ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू हवं. धुक्यात पांढरं पान डोळ्यांवर येतं, म्हणून आराखड्याचे रंग उलटे करून ठेवा.

आता फसव्या जागा. पडद्यावरचं विमानाचं चिन्ह खऱ्या विमानापेक्षा कितीतरी मोठं असतं. नकाशा लहान करून पाहिलात तर ते टॅक्सीवे आणि शेजारची धावपट्टी दोन्ही झाकतं, त्यामुळे झूम करणं भागच आहे. अ‍ॅपच्या ‘प्लेट्स’ या पानावर आराखडा विमानाबरोबर फिरत नाही, उत्तर सहसा वरच राहते. दक्षिणेकडे जाताना डावं-उजवं उलटं होतं आणि घाईत चुकीचं वळण घेतलं जातं. तोच आराखडा मॅप्सच्या पानावर पाठवून ‘ट्रॅक अप’ (जायची दिशा नेहमी वर) लावला की हा घोळ मिटतो. मग दुसरा सुरू होतो: जीपीएसला दिशा कळते ती विमान सरकल्यावर. थांबलेल्या विमानाच्या चिन्हाचं नाक भलतीकडे फिरू शकतं. निघण्याआधी दिशा कंपासवरूनच घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाची उणीव होल्ड शॉर्टच्या, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या रेघेची. दोन अखंड आणि दोन तुटक पिवळ्या रेघा. अखंड बाजूने येताना परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. मोठ्या आयएलएस (रेडिओ संकेतांनी उतरवणारी यंत्रणा) असलेल्या धावपट्टीला ही खूण मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते, लहान धावपट्टीला त्याच्या निम्म्याहून जवळही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) बहुतेक आराखड्यांवर ती काढलेलीच नसते. धावपट्टी जवळ आल्याची सूचना अ‍ॅप देतं आणि ती चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून ब्रेक लावणारा कदाचित रेघ ओलांडून गेलेला असेल. रेघ, लाल पाटी आणि पिवळे लुकलुकणारे दिवे खिडकीतूनच शोधायचे.

आराखडे २८ दिवसांच्या चक्राने बदलतात. काल बंद झालेला टॅक्सीवे त्यात उघडाच दिसेल. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचून, इंजिन सुरू करण्याआधी, बंद भागावर अ‍ॅपच्या पेनने लाल फुली मारा. क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, मिळाली की मार्ग आखा, होल्ड शॉर्टची जागा ठळक करा आणि रीडबॅक पूर्ण द्या, म्हणजे ती परवानगी परत म्हणून दाखवा. १० नॉटला विमान सेकंदाला पाच मीटर सरकतं. दोन सेकंद मान खाली म्हणजे दहा मीटर, आणि लहान विमानांचा टॅक्सीवेच जेमतेम साडेसात ते साडेदहा मीटर रुंद असतो. म्हणून पडदा बघायचा तो थांबून, पार्किंग ब्रेक लावून. शंका आली की ‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’ मागा. ग्राउंड कंट्रोल वळणावळणाने नेतो, यात कमीपणा नाही. टॅक्सी लाइटचा झोत धुक्यावर आपटून परत येत असेल तर तो बंद करून पाहा.

एडीएस-बी (विमानं आपलं स्थान रेडिओवरून कळवतात ती पद्धत) रिसीव्हर जोडला तर जमिनीवरची इतर विमानंही काही वेळा दिसतात. काही वेळाच. ट्रान्सपॉन्डर (हे संकेत पाठवणारं यंत्र) बंद असलेलं विमान किंवा गवत कापणारा ट्रॅक्टर दिसत नाही. मोकळा पडदा म्हणजे मोकळी धावपट्टी नव्हे.

अ‍ॅपचा खरा दोष तांत्रिक नाहीच. अमेरिकेत खासगी आयएफआर (यंत्रांच्या आधारे होणाऱ्या) उड्डाणाला टेक-ऑफसाठी किमान दृश्यमानतेची अट नाही, आणि पडद्यावर सरकणारं चिन्ह नको ते धाडस देतं. टॅक्सीवेच्या कडेच्या दिव्यांची पुढची जोडी दिसत नसेल तर एप्रनवरून (विमानं उभी करतात त्या जागेवरून) हलूच नये.

प्रशिक्षणासाठी अमेरिकेत जात असाल तर जरूर घ्या. आराखड्यावर स्वतःचं स्थान दिसणं कोणत्या प्लॅनमध्ये आहे ते आधी तपासा. भारतासाठी एफएएचे आराखडे नसतात, जेपसन या कंपनीच्या चार्टची वर्गणी वेगळी भरावी लागते. आयफोनवरही चालतं, पण त्या पडद्यावर टॅक्सीवेची अक्षरं वाचायला हेलकावणाऱ्या कॉकपिटमध्ये डोळे ताणावे लागतात. आयपॅड मिनी सोयीचा. अँड्रॉइडवाल्यांनी दुसरं काही शोधावं.