पार्टिशनच्या अर्थिंगचे १४,५०० घेतले, आत हिरवी वायर कशालाच जोडलेली नाही

ऐरोलीत माझे क्लासेस आहेत. गाळ्याच्या दोन खोल्या करायला मेटल स्टडचं, म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांच्या फ्रेमवर जिप्सम बोर्ड लावलेलं पार्टिशन घातलं. कोटेशन १,३८,५०० रुपये, त्यात ‘फ्रेम अर्थिंग’चे वेगळे १४,५००. ७०,००० आगाऊ आणि उरलेले ६८,५०० काम संपताच दिले. आता ठेकेदाराचा फोन बंद.

मुलं चपला बाहेर काढून बसतात. फळ्याची ॲल्युमिनियमची चौकट स्टडलाच स्क्रूने आवळलेली. सातवीतल्या मुलीने तिला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. पोर वाचली, पण तिच्या आईला काय सांगायचं मला कळेना.

दुसऱ्या वायरमनने जिप्सम बोर्ड कापला. जिप्समचा स्क्रू फेजच्या वायरीत घुसलेला, अख्ख्या फ्रेममध्ये करंट. स्टडच्या भोकांना रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग, एकही नाही, पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन सोललेलं. आणि स्विचबोर्डात दिसणारी हिरवी वायर आत वीतभर जाऊन संपलेली! फ्रेमला अर्थ जोडला असता तर एमसीबी, म्हणजे बिघाड होताच लाइन तोडणारा स्विच, तेव्हाच पडली असती.

दुसरी बाजू बंद करण्याआधी मी म्हटलं होतं, अर्थिंग दाखवा. "मॅडम, उद्या सकाळी दाखवतो." सकाळी येऊन बघते तर जॉइंटवर पुट्टीसुद्धा मारून झालेली. तिथेच काम थांबवायचं होतं, असं आता सगळे ऐकवतात. हिरवी वायर डोळ्यांसमोर असताना नवी भिंत फोडून बघायचं कुणाला सुचेल?

बोर्ड लागण्याआधी आतले फोटो काढा. तोवर शेवटचा हप्ता देऊ नका.

पोलीस चौकीत म्हणाले, "बाई, हे दिवाणी प्रकरण, वकील गाठा." वीज कार्यालयात उत्तर मिळालं, मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्या टेबलावर साहेबांनी विचारलं, "कुणी दगावलं का?" नाही म्हटल्यावर माझा अर्ज परत सरकवला. मूल गेल्यावरच शिक्का मारणार का? अर्थिंगच्या नावाने पैसे घेऊन जिवंत भिंत उभी करणं हा गुन्हा नाही, तर मग गुन्हा कशाला म्हणायचं?

दुरुस्तीला ३१,२०० गेले. त्यात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतली. ती आधी असती तर पोरीला झटका लागताक्षणीच लाइन तुटली असती. मेन बंद करून स्टड आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात मल्टीमीटर लावायला सांगा, रीडिंग एका ओहमच्या आत यायला हवं. नकार देणाऱ्याला काम देऊ नका. बिल पक्कं घ्या, माझ्याकडे आहे म्हणून ग्राहक आयोगात तक्रार करता आली. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.