सह्याद्रीत काम करायचंय, पैसा कुणाचा घ्यायचा? सीईपीएफसारखा निधी, यूएनची छोटी ग्रँट, रफर्ड, सीएसआर आणि गावची वर्गणी

देवराई असो, सडा (डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ) असो, नदी असो नाहीतर धनेशाची घरटी, चारपाच जण एकत्र येतात, पहिली दोन वर्षं स्वतःच्या पेट्रोलवर काम करतात आणि तिसऱ्या वर्षी पैशाचा विषय निघतोच. हे अशा ग्रुपसाठी आणि छोट्या संस्थांसाठी लिहितोय. कोण किती रक्कम देतं हे प्रत्येकाच्या वेबसाइटवर सापडतं, पण पैसा देणारा तुमचं काम कुठे वळवणार आणि तो निघून गेल्यावर गावात काय उरणार हे तिथे लिहिलेलं नसतं. माझ्या मते निवड ह्याच दोन गोष्टींवर करायला हवी.

सुरुवात सीईपीएफपासून, म्हणजे क्रिटिकल इकोसिस्टीम पार्टनरशिप फंड. आपल्याकडचा त्याचा कार्यक्रम केव्हाच संपलाय, तरीही आधी तोच, कारण एका प्रदेशापुरता पर्यावरणाचा निधी कसा चालतो आणि त्याचं वजन किती पडतं हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. हा फंड 2000 साली सुरू झाला. मागे पैसा फ्रेंच सरकारची विकास एजन्सी, कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल, जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी), जपान सरकार, मॅकआर्थर फाउंडेशन आणि वर्ल्ड बँक यांचा. पश्चिम घाटात तो 2008 ते 2015 होता, सुरुवातीची तरतूद 45 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने वीसेक कोटी रुपये. ऐकायला मोठं वाटतं पण घाटाचं क्षेत्र साधारण 1 लाख 60 हजार चौरस किलोमीटर आहे, तेव्हा हिशोब केला तर एका चौरस किलोमीटरला हजार-सव्वाहजार रुपये पडतात, त्यात कुंपणसुद्धा होत नाही.

तरी एवढ्याशा पैशाचा प्रभाव खूप पडला आणि त्याचं कारण रक्कम नव्हतं, वाटायची पद्धत होती. बंगळूरची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था इथली समन्वयक होती. मोठ्या ग्रँटचा निर्णय अमेरिकेतल्या ऑफिसात व्हायचा, पण छोट्या ग्रँट एट्रीच्या हातात होत्या, म्हणजे अर्ज वाचणाऱ्या माणसाला घाट माहीत होता, पावसात तिथे काय होतं आणि काय होत नाही ते माहीत होतं. गोड्या पाण्यातले मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर आणि पाणवनस्पती यांचा जो मोठा आढावा 2011 ला आला त्याला पैसा सीईपीएफचाच, त्यात 1,146 जाती तपासल्या आणि जवळजवळ 16 टक्के धोक्यात निघाल्या. धरण किंवा वाळूउपशाच्या विरोधात आज कुणी माशांची यादी घेऊन उभं राहतं तेव्हा ह्या कामाचा आधार मिळतो. आपल्या बाजूला अपर्णा वाटवे यांच्या टीमचं उत्तर सह्याद्रीतल्या सड्यांवरचं काम ह्याच निधीतून झालं. सड्यांना सरकारदफ्तरी पडीक म्हणायची सवय आहे, तिथे इतकं काही उगवतं हे कागदावर आणणं फार मोलाचं होतं. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात जंगलमालकांशी झाडं न तोडण्याचे करार केले, त्या कामालाही ह्याची मदत होती. रत्नागिरीत सरकारी जंगल अगदीच थोडं आहे, जे काही आहे ते लोकांच्या मालकीचं, त्यामुळे अभयारण्याचा बोर्ड लावून तिथे काही वाचत नाही, मालकाशी बोलावंच लागतं.

आता दुसरी बाजू. असा निधी येतो तो स्वतःचा आराखडा घेऊनच येतो. कुठला पट्टा महत्त्वाचा, कुठल्या जाती महत्त्वाच्या हे आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरतं मुख्यतः आययूसीएन ह्या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टवरून, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीवरून. तुमच्या ओढ्यातला प्राणी त्या यादीत नसेल, किंवा तुमचा प्रश्न 'गावाची राखण मोडली, आता कुणी चराई थांबवत नाही' असा असेल, तर अर्जात तो बसवायला कसरत करावी लागते आणि मग हळूहळू ग्रुप अर्जात बसेल तेच काम करायला लागतो. दुसरं म्हणजे शेवटची तारीख. 2015 ला कार्यक्रम संपला तो संपलाच. ज्यांनी त्या काळात मालकांशी नाती जोडली, बाजार शोधला, त्यांचं काम पुढे चाललं, हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड (जंगलातला माल जपून गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळवून झाड उभं ठेवूनच उत्पन्न देण्याचा मार्ग ह्यातूनच निघाला, पण ज्यांनी फक्त रिपोर्ट दिला त्यांच्या हातात रिपोर्टच राहिला.

उद्या सीईपीएफ परत आला तरी ही रचना जशीच्या तशी चालणार नाही. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला आणि परदेशी निधी घेतलेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देणं बंदच झालं, पुढची संस्था रजिस्टर असली तरीसुद्धा. म्हणजे मधली जाणकार संस्था पैसे घेईल आणि वाड्यावस्त्यांवरच्या ग्रुपला वाटेल हा मार्गच कायद्याने मिटला. वर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के झाली, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं, आणि नवीन रजिस्ट्रेशनला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पेट्रोल खिशातून टाकणारा ग्रुप 15 लाख कुठून दाखवणार? मला ह्या बदलाचं मनापासून दुःख आहे, कारण पारदर्शकता हवीच, हिशोब कडक हवेतच, पण इथे हिशोबाबरोबर मधला जाणकार माणूसही गेला. संशयाचं वातावरण तर त्याआधीपासून होतं, 2012 मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या विरोधावरून पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमेरिकेतल्या एनजीओंकडे बोट दाखवलं होतं, 2014 ला परदेशी पैशावरच्या एनजीओंविरुद्ध आयबीचा (गुप्तचर खात्याचा) रिपोर्ट बाहेर आला, 2015 ला ग्रीनपीस इंडियाचं एफसीआरए रजिस्ट्रेशन रद्द झालं. तुम्ही कुठल्या प्रकल्पाला विरोध करत असाल आणि खात्यात परदेशी पैसा असेल तर पहिला आरोप तोच होणार, हे धरूनच चाला.

यूएनची छोटी ग्रँट, म्हणजे जीईएफचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅम. हा 1992 पासून जगभर चालतो, यूएनडीपी ही यूएनची विकास संस्था चालवत आलीय, एका ग्रँटची कमाल मर्यादा बरीच वर्षं 50,000 डॉलर होती. आपल्याकडे आधी बरीच वर्षं सीईई आणि नंतर टेरी ही पर्यावरणातली संस्था यजमान, म्हणजे इथलं काम बघणारी. ह्याची मोठी सोय कुणी सांगत नाही ती अशी की एफसीआरए कायद्यात यूएन आणि तिच्या संस्था, वर्ल्ड बँक वगैरे ह्यांना परकीय स्रोत धरलेलंच नाही, त्यामुळे रजिस्ट्रेशन नसलेल्या गावपातळीच्या संस्थेलाही दार उघडं राहतं (तरी करार करताना हे लेखी घ्या आणि सीएला दाखवा). सीईपीएफच्या तुलनेत इथे जातींपेक्षा लोकांच्या उपजीविकेवर भर जास्त, गावाचा वाटा पैशात किंवा श्रमात दाखवावा लागतो. अडचण एकच, अर्ज कधी मागवतील आणि कुठल्या भागासाठी मागवतील ते तुमच्या हातात नाही. सह्याद्री त्या फेरीत नसेल तर थांबा.

रफर्ड ब्रिटनचं फाउंडेशन आहे, छोटं काम करणाऱ्या माणसाला किंवा अगदी छोट्या ग्रुपला काही हजार पौंड देतं, एक टप्पा पुरा केला, रिपोर्ट दिला की पुढच्या टप्प्याला अर्ज करता येतो, आणि रिपोर्ट त्यांच्या साइटवर सगळ्यांना वाचायला मिळतात. अर्ज करण्याआधी आपल्याच भागातले जुने रिपोर्ट वाचून काढा, दोन संध्याकाळी लागतील पण कुठल्या ओढ्यावर आधीच काम झालंय ते कळेल. पहिला सर्व्हे, बेडकांची नोंद, सड्यावरच्या वनस्पतींची यादी, अशा कामाला ह्याच्याइतका साधा पर्याय मला माहीत नाही. पैसा मात्र परदेशी आहे, त्यामुळे तो कुणाच्या खात्यात कायदेशीरपणे येणार हे आधी ठरवा आणि मगच अर्ज लिहायला बसा.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च. आज बहुतेकांची गाडी शेवटी इथेच येते. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, 1 एप्रिल 2014 पासून लागू, नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1,000 कोटी किंवा नफा 5 कोटी ह्यातलं एकही बसलं की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. पर्यावरण त्या यादीत आहे, आणि देशात राज्यवार बघितलं तर सगळ्यात जास्त सीएसआर महाराष्ट्रातच खर्च होतो. मग पैसा भरपूर आहे असं वाटतं. पण कायदाच म्हणतो की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, त्यामुळे कारखाने आणि ऑफिसं जिथे तिथे पैसा, आणि जंगल जिथे आहे तिथे सहसा कारखाना नसतो. भोर-वेल्ह्याला थोडं पोचतं, राजापूर-लांज्याच्या आतल्या वाडीपर्यंत पोचत नाही.

आणि मग झाडं. कंपनीला आकडा हवा असतो, दहा हजार रोपं, वीस हजार रोपं, टीशर्ट घातलेले कर्मचारी, फोटो. सड्यावर झाडं लावणं म्हणजे सड्याचा नाश आहे हे कितीही सांगा, समोरच्याला उघडा कातळ दिसतो आणि तो हिरवा करायचा असतो. जांभ्यात जेसीबीने खड्डे मारून माती भरली की दिपकाडी, गेंद, सीतेची आसवं ह्या सड्यावरच्या फुलांना जी पातळ माती आणि साचलेलं पाणी लागतं तेच जातं. सीईपीएफच्या पैशाने सड्यावर काय आहे ते कळलं आणि सीएसआरच्या पैशाने तेच झाकलं जाऊ शकतं, दोघांच्या प्रभावातला फरक ह्याहून स्पष्ट सांगता येणार नाही. असा पैसा नाकारा. अगदी त्या वर्षी हातात दुसरं काही नसलं तरी नाकारा.

वेळेचाही घोळ आहे. पैसे फेब्रुवारीत मंजूर होतात आणि 31 मार्चच्या आत खर्च करा म्हणतात, तर आपलं सगळं काम जूनला सुरू होऊन ऑक्टोबरात संपतं. ह्यावर उपाय आहे, नियमात 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवता येतं आणि न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवता येते, तेव्हा पहिल्याच मीटिंगला तेच मागा. दुसरं, 'प्रशासकीय खर्च फक्त 5 टक्के' असं सांगून तुमच्या माणसांचे पगार कापायला बघतील, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, कामावरच्या तुमच्या खर्चाला नाही, हे कंपनी मंत्रालयानेच 2021 मध्ये स्पष्ट केलंय. कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-1 नंबर, आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी लागतेच. आणि तुमच्या तालुक्यात जिचा प्रकल्प येऊ घातलाय अशा कंपनीचा पैसा घेऊ नका, मग ती खाण असो की रिफायनरी. करारात तोंड बंद ठेवायची अट नसते, पण जनसुनावणीला उठून बोलताना सगळं गाव तुमच्याकडे बघत असतं.

भारतीय घराण्यांचा पैसा वेगळा धरा. 2018 ला सुरू झालेला द हॅबिटॅट्स ट्रस्ट कमी माहितीतल्या जाती आणि अधिवासांसाठी ग्रँट देतो, रोहिणी निलेकणी फिलांथ्रॉपीज संस्थेला तिच्या मूळ कामासाठी मोकळा पैसाही देते. एफसीआरएचा प्रश्न नाही, मार्चची घाई नाही. स्पर्धा मात्र देशभरची आहे आणि इंग्रजीत चांगलं लिहिता येणाऱ्याला फायदा मिळतो, हे मला खटकतं.

राहिली गावची वर्गणी. ह्याला लोक पैशात धरतच नाहीत, पण प्रभाव म्हणाल तर सगळ्यात मोठा हाच. रत्नागिरीतल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने कासवांचं काम उभं केलं आणि नंतर बघायला येणाऱ्यांच्या राहण्याजेवणातून घराघरात पैसा आला, तेव्हा घरटं राखणं गावाचंच काम झालं. उलटंही होतं. मुंबईच्या मंडळाकडून देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे येतात आणि लाकडासाठी देवराईतलीच मोठी झाडं जातात. म्हणून वर्गणी मागताना देऊळ आणि राई एकाच पावतीपुस्तकावर ठेवा, गावकरीच मग विचारतात की राईचं काय केलंत.

तर कुणी काय घ्यावं? दोनतीन जण असाल, पहिलंच सर्व्हेचं काम असेल तर रफर्ड. गावात रुजलेली पण लहान संस्था असेल तर यूएनच्या ग्रँटची वाट बघा आणि तोवर वर्गणीवर चालवा. कागदपत्रं पक्की असलेली, हिशोबनीस ठेवू शकणारी संस्था असेल तर सीएसआर, पण तीन वर्षांचा आणि रोपांच्या आकड्याशिवायचा. कोर्टात जायचं असेल, प्रकल्पाला आव्हान द्यायचं असेल, तर फक्त माणसांनी दिलेल्या छोट्या देणग्या, प्रत्येकाची पावती आणि दरवर्षी हिशोब गावासमोर.

पुण्यामुंबईतल्या ज्या मोठ्या संस्थांकडे भारतीय पैसा आहे त्यांनाही एक सांगायचंय. तो पुढच्या छोट्या संस्थेला देण्यावर एफसीआरएसारखी बंदी नाही, फक्त आयकर कायद्यातल्या 2023 च्या बदलानंतर ट्रस्टने ट्रस्टला दिलेल्या रकमेतले 85 टक्केच खर्च म्हणून धरले जातात, तेवढं सोसायची तयारी हवी. सह्याद्रीपुरता, मराठीत अर्ज घेणारा, मंजुरीआधी जागेवर येऊन बघणारा निधी सुरू करायला मग काय अडतंय? एट्रीने हे बंगळूरहून चालवून दाखवलंय.