मालीमची जेटी: पणजीच्या समोरच, पण पहाटे जा

पणजीत येणारे मांडवीवर जातात ते कॅसिनो नाहीतर संध्याकाळच्या बोटी बघून परत फिरतात, आणि त्याच नदीच्या पलीकडच्या काठाला, पुलांजवळ, मालीमची मासेमारीची जेटी आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. आम्ही घरचे सगळे जाऊन आलो आणि मला तर फारच आवडलं.

पणजीहून बेतीची फेरीबोट घ्यायची, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, उतरलं की मालीम जवळच. उजाडायच्या आत पोचा, कारण उन्हं वर आली की खरी धावपळ संपत येते. ट्रॉलर एकाला एक चिकटून लागलेले असतात, खलाशी एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत क्रेट काठावर आणतात, बर्फ फोडायचा आवाज, डिझेलचा वास, आणि मधेच व्यापाऱ्यांची बोली चालू. खलाशांमध्ये ओडिशा-झारखंडकडचे पुष्कळ आहेत, आपल्या ताटातल्या माशामागे किती लांबून आलेली माणसं राबतात ते इथे दिसतं.

थोडं बघत राहिलात तर बोटींतला फरकही कळतो. पर्सीन जाळ्याची बोट बांगडे-तारल्यांचा थवाच्या थवा घेरते आणि जाळं खालून दोरीने आवळते, तर ट्रॉलर तळावरून जाळं ओढत नेतो म्हणून त्याच्यात सुंगटं (कोळंबी), माणक्या (स्क्विड), लेपे (चपटे मासे) असं मिसळ निघतं. आणि एक, जेटीवरचा प्रत्येक मासा त्याच पहाटेचा नसतो हां, मोठे ट्रॉलर काही दिवस समुद्रातच असतात, मासे बर्फात ठेवलेले असतात. तेव्हा कल्ले लाल आहेत ना बघा, दाबून बघा, मगच घ्या. घरापुरते थोडेच हवे असतील तर पणजी मार्केट बरं, इथे व्यवहार क्रेटच्या हिशोबाने होतो.

खाली सगळं ओलं आणि निसरडं असतं, चांगल्या चपला घालू नका, लहान मुलांचा हात सोडू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा, ती लोकं कामात असतात, वाटेत उभं राहिलं तर त्यांची खोटी होते. स्वच्छतेचं मात्र बघायलाच हवं कुणीतरी, मेलेले मासे आणि प्लास्टिक पाण्यात तरंगताना बघून जीव तुटतो, एवढ्या कष्टाची जागा आहे ती.

परत येऊन पणजीत पातळभाजी-पाव आणि गरम चहा घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा नुसत्या बांधलेल्या बोटी दिसतील. ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर जा, ताजी सुंगटं तेव्हाच जास्त येतात.