कामाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरून काम करणाऱ्या सर्वांच्या लॅपटॉपवर आमच्या कंपनीने कामाची नोंद ठेवणारे एक सॉफ्टवेअर बसवले, त्याला आता आठ महिने झाले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारींचा निम्मा भाग आमच्याकडे ते ज्या पद्धतीने लावले गेले त्याविषयी आहे, आणि या जातीची बहुतेक सॉफ्टवेअरे थोड्याफार फरकाने हेच काम करतात. मी पुण्यात कर्वेनगरला राहतो. टीममधले दोघे नागपूरला आहेत, एक मुलगी लातूरहून काम करते आणि ग्राहक अमेरिकेत आहे. हिंजवडीला जाण्यायेण्यात दररोज जाणारे माझे अडीच-तीन तास घरून काम सुरू झाल्यावर वाचले. त्या वाचलेल्या वेळाचे पुढे काय होते, हा व्यवस्थापनाचा प्रश्न होता आणि हे सॉफ्टवेअर त्याचे उत्तर म्हणून आले.

लॅपटॉप सुरू होताच ते मागे निमूटपणे चालू लागते. की-बोर्ड आणि माउसची हालचाल ते मोजते. कोणत्या कळा दाबल्या हे ते पाहत नाही, किती दाबल्या एवढेच नोंदवते. कोणते ॲप किती वेळ समोर होते ते टिपते आणि दर दहा मिनिटांत कधीतरी एकदा स्क्रीनशॉट घेते. पाच मिनिटे हालचाल झाली नाही तर आपण ‘निष्क्रिय’ ठरतो. प्रत्येक ॲप ‘उत्पादक’, ‘अनुत्पादक’ किंवा ‘तटस्थ’ यांपैकी कोणत्या खणात टाकायचे हे ॲडमिन ठरवतो आणि दिवसअखेर डॅशबोर्डवर, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानावर, उत्पादक वेळेची एक टक्केवारी झळकते, सोबत लाल किंवा हिरवा चौकोन. तांत्रिकदृष्ट्या यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. त्याने लॅपटॉप मंदावत नाही, कोड कंपाइल होताना अडथळा येत नाही, आणि नेट गेले तरी नोंदी साठवून ठेवून नंतर त्या बिनचूक वर पाठवल्या जातात.

खोट आहे ती त्या टक्केवारीत. एका महिनाअखेरीस ग्राहकाच्या काही बिलांच्या बेरजेत एका पैशाचा फरक येऊ लागला. फरक सगळ्या बिलांत नव्हता आणि कोड वाचून काही उलगडत नव्हते, म्हणून मी अशी पाच बिले छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर वही-पेन घेऊन बसलो. दोन-अडीच तासांनी ध्यानात आले की एका ठिकाणी कर प्रत्येक ओळीवर काढून पूर्णांकित होत होता आणि दुसऱ्या ठिकाणी एकूण रकमेवर. दुरुस्ती चार ओळींची निघाली. त्या दिवशी माझी टक्केवारी ३४ होती आणि चौकोन लाल. दुसऱ्या दिवशी माइक बंद ठेवून मी तीन लांबलचक बैठकांना हजेरी लावली आणि त्या चालू असताना जुने मेल वरखाली करत राहिलो. तेव्हा ९१ टक्के मिळाले आणि चौकोन हिरवा झाला. त्या आठवड्यात कंपनीला माझा खरा उपयोग कोणत्या दिवशी झाला हे माझ्या टीम लीडला पुरते ठाऊक होते, पण अप्रेझलच्या फाइलला जोडला जातो तो आलेख.

अशा मोजमापाचे पुढे काय होते ते सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. ऑप्टिकल माउस काट्याच्या मनगटी घड्याळावर ठेवला की सेकंदकाट्यामुळे कर्सर हलत राहतो, ही युक्ती सॉफ्टवेअर आल्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या टीमपर्यंत पोहोचली होती. अमेरिकेत २०२४ मध्ये वेल्स फार्गो या बँकेने की-बोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढले. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ आणला तेव्हा त्यात व्यक्तीगणिक आकडे दिसत होते; टीका झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने त्यातून माणसांची नावे काढून टाकली. आमच्या डॅशबोर्डवर नाव, फोटो आणि क्रमांक हे तिन्ही दिसतात.

स्क्रीनशॉटचा प्रकार त्याहून जाचक आहे. आईचा रक्ततपासणीचा अहवाल मी व्हॉट्सॲप वेबवर उघडला आणि नेमके त्याच क्षणी चित्र टिपले गेले. ते पुसण्याची सोय आहे, पण पुसले की त्यासोबत कामाची दहा मिनिटेही वजा होतात. थोडक्यात, आपली खासगी बाब झाकायची असेल तर दहा मिनिटांचा दंड भरायचा. नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची काही माहिती वेगळी संमती न घेता वापरण्याची मुभा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मालकाला दिली आहे. आईचे हिमोग्लोबिन त्या कारणात बसते असे मला वाटत नाही.

घरून काम करताना काही बिघडतच नाही, असा माझा दावा नाही. बिघडते, पण ते या सॉफ्टवेअरच्या नजरेत येत नाही. लातूरहून काम करणारी आमची नवी सहकारी एकदा डेटाबेसच्या जोडणीवर अर्धा दिवस अडून राहिली, कारण ‘सरांना उगाच कशाला त्रास द्यायचा’ असे तिला वाटले. कार्यालयात असती तर खुर्ची वळवून तिने दोन मिनिटांत विचारले असते. त्या अर्ध्या दिवसात तिची टक्केवारी ८८ होती, कारण ती सतत काहीतरी टाइप करून पाहत होती. शेवटी मी तिला फोनवर चाळीस मिनिटे समजावून सांगितले आणि ती चाळीस मिनिटे माझ्या खात्यात ‘निष्क्रिय’ म्हणून जमा झाली. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसले होते. एकाच इमारतीत बसणाऱ्यांना कोडवर अधिक प्रतिक्रिया मिळत, त्याचा लाभ मुख्यतः नवख्यांना होई आणि ज्येष्ठांचे स्वतःचे कोड-लेखन त्यापायी घटे. शिकवणे हे काम आहे हे ज्या यंत्राला कळत नाही, ते ज्येष्ठाला न शिकवण्याचेच बक्षीस देते.

आता या सॉफ्टवेअरच्या बाजूची एक गोष्ट, जी मला अनपेक्षित होती. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पानावर ‘तासानुसार वितरण’ नावाचा एक साधा आलेख आहे, आणि तो कोणी फारसा उघडत नाही. मी तो तीन महिन्यांनी उघडला, तेव्हा रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान एक ठळक टेकाड दिसले. ग्राहकाच्या वेळेमुळे हे होते अशी माझी समजूत होती, पण त्यातले निम्मे दिवस ग्राहकाशी बोलणेच नव्हते. दिवसभर बैठकांनी तुकडे पाडलेले काम मी रात्री जोडत बसत होतो. एका मोठ्या भारतीय आयटी सेवा कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे चित्र याच्याशी तंतोतंत जुळते. टाळेबंदीत घरून काम सुरू झाल्यावर तेथे कामाचे तास वाढले, कार्यालयीन वेळेबाहेरचे कामही वाढले, प्रत्यक्ष काम मात्र किंचित घटले आणि उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. बैठका वाढल्या आणि सलग, विनाव्यत्यय मिळणारा वेळ आटला, हे त्यातील एक मोठे कारण होते. गंमत अशी की तो अभ्यासही कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरील अशाच प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या नोंदींवर उभा होता. म्हणजे टिपलेली माहिती निरुपयोगी नाही. एकेकट्या माणसाला लाल-हिरवा रंग फासण्यासाठी ती वापरली की तिचे मातेरे होते.

त्या आलेखाचे चित्र मी टीम लीडला दाखवले. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ दहा ते एक बैठकांविना ठेवण्याचे ठरले आणि दोन महिन्यांत माझे रात्रीचे टेकाड निम्म्यावर आले. आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात एकत्र यावे असे मी सुचवले होते, ते मात्र लातूर-नागपूरच्या अंतरामुळे महिन्यातून तीन दिवसांवर निभावले. ‘ट्रिप डॉट कॉम’ या चिनी कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग केला, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्याने कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले. हा दाखला मी व्यवस्थापनाला पाठवला आहे.

मी पाचपैकी दोन तारे देतो. एक सफाईदार तंत्रासाठी आणि एक त्या रात्रीच्या आलेखासाठी. तासावर बिल लावणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाने ते स्वतःच्या हिशेबासाठी जरूर घ्यावे, मात्र स्क्रीनशॉट बंद करून. कंपनीत ते बसवले जात असेल, तर फोनवरचा वेळ हाताने भरता येतो का आणि व्यक्तीगणिक टक्केवारी कोणाकोणाला दिसते, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आमच्या परवान्याचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे. स्क्रीनशॉट बंद करावेत असा अर्ज मी सप्टेंबरमध्ये दिला होता. त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा आहे. तो अर्ज लिहायला लागलेली पंचवीस मिनिटे मात्र ‘उत्पादक’ या खणात गेली.